हर्णैसमोरचा समुद्र, तीस वर्षांसाठी : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५, पुणे

कोकणात दापोलीजवळच्या हर्णै बंदरासमोरचा समुद्र तीस वर्षं सलग मोजायचा, त्या प्रस्तावाचा पहिला मसुदा आज बाजूला ठेवला. त्यात उपकरणांची यादी पानंच्या पानं होती आणि प्रश्न अर्ध्या पानात उरकला होता. मॅडमनी समासात एकच ओळ लिहून तो परत दिला: "तीस वर्षांनी आपल्याला काय सांगता आलं पाहिजे, ते आधी लिहा."

दिवसभर तेच केलं. हर्णैसमोरच्या उथळ समुद्राबद्दल तीन प्रश्न ठरले. पाणी तापतंय का, आणि कोणत्या ऋतूत जास्त? पावसाळा सरताना तळाशी प्राणवायू किती खाली जातो, आणि तो काळ लांबतोय का? नद्यांचं गोडं पाणी आणि त्याच्याबरोबर येणारे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट बदलतायत का? सूक्ष्म प्लास्टिक, जड धातू, माशांची अंडी हे सगळं महत्त्वाचं आहे, पण आज यादीत घेतलेलं प्रत्येक मोजमाप पुढच्या लोकांना तीस वर्षं निभवावं लागेल. म्हणून तीनच.

जागा हर्णै का, हेही लिहून ठेवते. उत्तरेला बाणकोटपाशी सावित्री समुद्राला मिळते, दक्षिणेला दाभोळला वाशिष्ठी. वाशिष्ठीत कोयनेचं पाणी येतं. एरवी कृष्णेबरोबर पूर्वेला गेलं असतं ते पाणी पोफळीच्या बाजूने वीज तयार करून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतं. त्यामुळे भर मे महिन्यातही दाभोळच्या खाडीत गोड्या पाण्याचा ओघ असतो, आणि त्याचा संबंध पावसापेक्षा वीजनिर्मितीशी जास्त असतो. हे ज्याला माहीत नाही, तो क्षारता घटलेली पाहून दोष हवामानाला देईल. आमच्या पुण्याची मुठा मात्र भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. अरबी समुद्राशी या शहराचं पाण्याचं नातं नाही. पण पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, शिवाजीनगरला हवामान खात्याचं मोठं कार्यालय आहे, खडकवासल्याला १९१६ पासूनचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे, जिथे बंदरांच्या प्रतिकृती बांधून लाटा आणि गाळ अभ्यासतात. प्रश्न विचारायला माणसं इथे आहेत.

२१ जानेवारी

आधीपासून काय चालू आहे, याचा आढावा. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्रपातळी मोजली जाते. सगळ्या हिंदी महासागरात इतकी लांब नोंद क्वचितच सापडते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर १९९७ च्या सुमारास ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा जायला सुरुवात केली. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथल्या तळाच्या पाण्यातला प्राणवायू पार संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, हे त्याच परिसरातल्या मोजमापांनी दाखवलं. हैदराबादची इन्कॉइस ही महासागर माहिती सेवा संस्था लाटा मोजणारे बोये सांभाळते आणि कोळ्यांना मासळीच्या संभाव्य जागा कळवते.

मग आपण कशाला? अर्गो या जागतिक कार्यक्रमाचे तरंगते यंत्रमानव दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत जाऊन येतात, पण ते खोल पाण्यासाठी आहेत, वीस-तीस मीटरच्या उथळ पट्ट्यात त्यांचा उपयोग नाही. उपग्रहाला फक्त वरचा थर दिसतो आणि पावसाळ्यात तोही ढगांआड जातो. जून ते सप्टेंबर, किनाऱ्यालगतच्या तळाचं पाणी: सगळ्यात कमी माहिती याच खणात आहे, आणि प्राणवायूचा प्रश्नही इथेच आहे.

६ फेब्रुवारी

आजची नोंद लांब होणार, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया यात आहे.

"किती वर्षं मोजायचं?" याला आत्तापर्यंत आम्ही "जितकी जमतील तितकी" असं उत्तर देत होतो. पैसे देणाऱ्यांपुढे ते टिकत नाही, आणि खरं तर आपल्यालाही ते पुरत नाही. १९९८ साली वेदरहेड आणि सहकाऱ्यांनी पर्यावरणाच्या नोंदींसाठी एक सूत्र मांडलं. दरवर्षीचा कल किती, महिन्यामहिन्यातली चढउतार किती, आणि या महिन्याचा चढ पुढच्या महिन्यात किती रेंगाळतो, एवढ्या तीन गोष्टी दिल्या की कल खात्रीने ओळखायला किती वर्षं लागतील ते निघतं.

फळ्यावर गृहीत आकडे घेतले. तापमानाचा कल वर्षाला ०.०२ अंश, ऋतुचक्र वजा केल्यावर उरणारी चढउतार ०.५ अंश, आणि लागोपाठच्या महिन्यांमधला सहसंबंध ०.६. उत्तर आलं ३० वर्षं. सहसंबंध शून्य धरला तर १९. चढउतार निम्म्यावर आणली, म्हणजे मोजण्यातली आणि वेळा चुकण्यातली भर काढून टाकता आली, तरी १९. समुद्राची स्वतःची चंचलता आपल्या हातात नाही, पण तिच्यावर आपण घातलेली भर हातात आहे, आणि निष्काळजीपणाची किंमत वर्षांमध्ये मोजता येते, हे विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच असं समोर दिसलं.

त्यानंतरचा हिशोब मला स्वतःला हादरवून गेला. समजा पंधराव्या वर्षी जुनं यंत्र बंद केलं, नवं लावलं, आणि दोघांमधला फरक कुणी मोजलाच नाही. मग त्या जागी नोंदीत एक अज्ञात पायरी येते आणि कलाबरोबर तीही आकडेमोडीतून शोधावी लागते. पायरी बरोबर मध्यावर असेल तर कलातली अनिश्चितता दुप्पट होते. ३० वर्षांचं काम ४८ वर्षांवर जातं. म्हणजे दोन्ही यंत्रं काही महिने शेजारी शेजारी चालवण्याचा कंटाळा केला, तर १८ वर्षं गेली. एका माणसाची जवळजवळ निम्मी नोकरी.

इंग्लंडमध्ये प्लिमथजवळच्या ई-१ या ठिकाणी १९०३ पासून नोंदी आहेत. दोन महायुद्धांत त्या थांबल्या, ते समजण्यासारखं आहे. पण १९८७ च्या सुमारास पुन्हा खंड पडला आणि काम २००२ ला परत सुरू झालं. नेमकी तीच वर्षं आज अभ्यासकांना हवी आहेत. कॅलिफोर्नियातला समुद्र मोजण्याचा मोठा कार्यक्रम १९४९ ला सुरू झाला तो सार्डिनची मासेमारी कोसळल्यावर, म्हणजे कोसळण्याआधीची नोंद हातात नसताना. आपल्याकडे तारली आणि बांगडा अजून येतात. सुरुवात आत्ताच करायला हवी.

प्रस्तावात आज एक कलम घातलं: कोणतंही यंत्र, पद्धत किंवा रसायन बदलताना जुनं आणि नवं किमान एक पूर्ण वर्ष बरोबर चालेल, आणि त्या वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला जाईल.

२५ फेब्रुवारी, हर्णैहून परतल्यावर

ताम्हिणी घाटातून उतरून, माणगाव-मंडणगडमार्गे. मोजण्याच्या जागा होडीवाल्या तांडेलकाकांबरोबर पाहिल्या: १०, २० आणि ३० मीटर खोलीवरच्या, किनाऱ्याला काटकोनात एका रेषेत. सुवर्णदुर्गाच्या फार जवळचा तळ खडकाळ, तिथे नको म्हणाले. ज्या पट्ट्यात डोल जाळी लागतात तोही टाळला.

खरी चर्चा वेळापत्रकावर झाली. मी दर महिन्याची ठरावीक तारीख सुचवली होती. काकांनी मान हलवली. "ताई, तारखेवर पाणी चालत नाही. तुम्ही एकदा उधाणात याल, मोठ्या भरतीला, एकदा भांगात, लहान भरतीला. उधाणाला सगळा गाळ वर, भांगाला पाणी स्वच्छ. मग तुमच्या कागदावर काय उतरणार?"

रात्री हिशोब केला. उधाण-भांगाचं चक्र १४.७७ दिवसांचं. इंग्रजी महिना सरासरी ३०.४४ दिवसांचा, म्हणजे दोन चक्रांपेक्षा सुमारे ०.९ दिवसाने मोठा. दरमहा तेवढं घसरत गेलं की साधारण सोळा महिन्यांनी आपण पुन्हा त्याच जागी येतो. गढूळपणाच्या आणि हरितद्रव्याच्या नोंदीत सोळा महिन्यांचं एक खोटं आवर्तन उमटलं असतं, आणि पुढे कुणीतरी त्याचा संबंध एल निनोशी जोडत बसलं असतं.

म्हणून आता अष्टमी. शुद्ध आणि वद्य, दोन्ही. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ओढ कमी असते, होडी जागेवर राहते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ठोकळ वेळ मिळते हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या भरतीला निघायचं आणि पाणी उतरत असताना तिन्ही जागा करायच्या. भांगाची ओहोटी फार खाली जात नाही, त्यामुळे दुपारी बंदरात परततानाही होडी टेकत नाही. नेमक्या वेळांसाठी सर्वे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं घेऊच, पण दर फेरीला पाण्याची अवस्था सारखी राहील, हे तिथीने साधलं. अधिक महिन्यामुळे तारखा ऋतूच्या पुढेमागे होतील, ते गणितात धरता येतं. उधाणाच्या दिवसांची उणीव पाण्यात ठेवलेले लॉगर भरून काढतील. ते दर दहा मिनिटांनी नोंद करतात.

काकांचं नाव आराखड्याच्या आखणीत घालायचं, केवळ 'होडीची सोय' या सदरात नाही. मॅडमना आजच कळवलं.

१७ मार्च

रविवार पेठेत बोहरी आळीत दोर, शॅकल, साखळी. दुकानदारांना "खाऱ्या पाण्यात चार महिने राहील" असं सांगितलं की ते आधी जस्ताचा मुलामा चढवलेलं दाखवतात. लॉगरच्या चौकटी भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये करून घेतल्या, ३१६ प्रतीच्या स्टेनलेसमध्ये. ३०४ स्वस्त पडतं, पण त्यात मॉलिब्डेनम नसतं आणि समुद्रात खाचाखोचांतून ते पोखरलं जातं. प्रत्येक चौकटीला जस्ताचा एक ठोकळा: गंज त्याला लागतो, चौकट वाचते. सेन्सरभोवती शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून तांब्याची पट्टी लावली, पण ती यंत्राच्या धातूच्या कवचाला टेकता कामा नये, नाहीतर कवचच झिजतं. मधे प्लास्टिकची चकती घातली.

हरितद्रव्य मोजण्यासाठी पाणी गाळलेले कागद पुण्यापर्यंत गोठलेले कसे आणायचे, हा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. एका विद्यार्थ्याचे वडील गुरांचे डॉक्टर आहेत. गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कॅन त्यांनी दाखवला. उणे १९६ अंश, झाकण घट्ट बसत नाही (बसता कामाही नये, वायू कोंडेल), आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवून न्यायचा. आम्ही परदेशी कॅटलॉग चाळत होतो. हा तर गावोगाव फिरतो.

२ एप्रिल

विदेचे (डेटाचे) नियम. यंत्रातून आलेली मूळ फाइल कुणीही, कधीही बदलणार नाही. दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये, कारणासह. प्रत्येक आकड्याला खूण: १ चांगला, २ न तपासलेला, ३ शंकास्पद, ४ वाईट, ९ नोंद नाही. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, आणि शेजारच्या रकान्यात भारतीय वेळ, कारण साडेपाच तासांचा गोंधळ भरती-ओहोटीच्या नोंदीत लपून बसतो. प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख. होडीवरची वही मराठीत: वारा मतलई (जमिनीवरून) की खारा (समुद्रावरून), पाण्याचा रंग, फेस, तेलाचा तवंग, जेलीफिश, कोणती मासळी लागली. ती वही स्कॅन होऊन विदेबरोबरच राहील. हिवाळ्यात नॉक्टिलुका या सूक्ष्म जीवामुळे रात्री लाटा चमकतात, ते कोणत्याही सेन्सरच्या आधी खलाशांना दिसतं.

दोन वर्षांनी सगळं खुलं करायचं, असा निर्णय. यावर बैठकीत मतभेद झाले आणि ते मला स्वाभाविक वाटले. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपलं काम आधी दुसराच कुणी छापेल अशी भीती असतेच. दोन वर्षांची मुदत त्यासाठीच.

२७ मे

मान्सून काल मुंबईत आणि पुण्यात पोहोचला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधी, २४ तारखेला, कमी दाबाचं तीव्र क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, म्हणजे आमच्याच उंबरठ्यावर.

लॉगर २० मेच्या अष्टमीला सोडायचे ठरले होते. हवामान खात्याचे अंदाज पाहून चार दिवस आधीच सोडले. लॉगर सोडण्याला तिथीचं बंधन नाही, नमुने घेण्याला आहे. त्यामुळे या सगळ्या उलथापालथीच्या वेळी २० मीटरवरचा लॉगर तळाशी जागेवर आहे आणि नोंदी करतो आहे, अशी आशा धरून आम्ही इथे बसलो आहोत. अशा आठवड्यात तळाचं पाणी कसं ढवळलं जातं, हे या जागेवर आजवर कुणी मोजलेलं नाही. जून उजाडण्याआधीच समुद्र बंद झाला, हे मात्र वेळापत्रकात पुढे धरावं लागेल. यापुढे लॉगर सोडायची शेवटची तारीख १० मे.

८ जुलै

यांत्रिक मासेमारीला ३१ जुलैपर्यंत बंदी. होडी नाही. काकांची पुतणी दापोलीला बी.एस्सी. करते, ती आठवड्यातून दोनदा धक्क्यावरून बादलीने पाणी काढते, तापमान घेते आणि क्षारतेची बाटली भरून ठेवते. बादली कापडी, थर्मामीटर कॅलिब्रेट केलेला, जागा एकच, पायरीवर खडूने खूण. तिची वही आमच्या सगळ्यांच्या वह्यांपेक्षा नेटकी आहे. प्रत्येक नोंदीपुढे पावसाची अवस्था लिहिलेली असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

२३ ऑगस्ट

बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या. पण गेल्या आठवड्यात कोकणात प्रचंड पाऊस झाला आणि आता २७ ला गणपती. गौरी-गणपतीत खलाशी घरी असणार, आणि ते योग्यच आहे. पुढच्या वर्षीपासून हे आधीच वेळापत्रकात लिहून टाकायचं. लॉगर काढायला वद्य अष्टमी, १४ सप्टेंबर.

१७ सप्टेंबर

लॉगर मिळाले. तिन्ही.

चौकटी ओळखू येत नव्हत्या. बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचवाले जीव), नळीतले किडे, शेवाळ, सगळ्याचा थर. तांब्याच्या पट्टीजवळचा भाग मात्र मोकळा. धुण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो काढले, कारण ती घाणही विदाच आहे. क्षारतेच्या नोंदीत जुलैपासून हळूहळू उतार दिसतो. पाहिल्याबरोबर वाटतं, नद्यांचं पाणी आलं. पण लॉगर क्षारता काढतो ती पाण्याच्या वाहकतेवरून, आणि वाहकता मोजणाऱ्या पोकळीत जीव वाढले की पोकळी अरुंद होते आणि आकडा कमी येतो. खरा उतार किती आणि बार्नेकलचा किती, हे एका लॉगरकडे पाहून कधीच कळलं नसतं. लॉगर काढायच्या आधी त्याच खोलीवरून बाटलीत पाणी घेतलं होतं, त्यावरून शेवटचा बिंदू पक्का होईल. अधल्यामधल्या काळासाठी धक्क्यावरच्या बाटल्या, जरा जपून. सध्या या सगळ्या क्षारतेला खूण ३. तापमानाला १.

प्राणवायू आम्ही विंकलर पद्धतीने हर्णैतच मोजतो. ही पद्धत १८८८ ची आहे आणि सेन्सर तपासायला आजही तीच लागते. बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, मँगनीजचं द्रावण आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं, झाकण लावून उलटसुलट करायचं. प्राणवायू जितका जास्त तितका साका गडद तपकिरी. नसेलच तर पांढरा राहतो. पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटने, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत टायट्रेशन. भाड्याच्या खोलीत टेबलावर बाटल्या ओळीने ठेवल्या: वरच्या पाण्याच्या गडद, ३० मीटरच्या तळाच्या फिकट, जवळजवळ बदामी. विद्यार्थी टायट्रेशनच्या आधीच गप्प झाले. काका बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणून या दिवसांत तळाची मासळी वर येते काय?" याचं उत्तर द्यायला आम्हाला बरीच वर्षं लागतील, पण प्रश्न आजच वहीत उतरवला, त्यांच्या नावाने.

एका वर्षाच्या फिकट बाटल्यांवरून काही सिद्ध होत नाही. पैसे देणाऱ्यांना पाठवायच्या अहवालात "प्राणवायू घटतो आहे" असं वाक्य कुणीतरी घातलं होतं, ते मी काढलं. "पावसाळ्याअखेर तळाशी प्राणवायू वरच्या पाण्यापेक्षा बराच कमी आढळला" एवढंच ठेवलं.

१५ नोव्हेंबर

या आठवड्यात कृष्ण अष्टमीची फेरी वेळेवर झाली. पाणी निवळलंय.

पुढच्या निधीची बैठकही झाली. नव्या प्रकारचं सीटीडी (वाहकता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र) घ्या, जुनं लगेच परत करा, असा आग्रह होता. त्यात देखभालीचा खर्च वाचतो, हे मान्य. मी फेब्रुवारीतला हिशोब पुन्हा मांडला: ३० आणि ४८. समोरच्यांनी विचारलं, हा आकडा तुमच्या गृहीतांवर अवलंबून नाही का? आहे, आणि मी तसं सांगितलं. वर्षं किती लागणार ते समुद्राच्या चंचलतेवर ठरतं, पण न मोजलेली पायरी मध्यावर आली तर अनिश्चितता दुप्पट होते, हा भाग कोणत्याही गृहीतात तसाच राहतो. थोड्या चर्चेनंतर वर्षभर दोन्ही यंत्रं चालवायला मंजुरी मिळाली.

पुढची कामं: दोन्ही सीटीडी एकाच चौकटीवर, सेन्सर एकाच उंचीवर येतील अशी नवी पट्टी भोसरीत करून घेणे. प्रमाणित समुद्रजलाच्या बाटल्या मागवणे. होडीवरची पहिली वही संपत आली आहे, दुसरी त्याच आखणीची छापून घेणे. रकाने बदलायचे नाहीत. शुद्ध अष्टमी २८ नोव्हेंबरला, सकाळी सहा, हर्णै बंदर.